करंडक उचलतानाच जाहिरात?

अरे, 21 मे 2025 च्या रात्रीची युरोपा लीगची फुटबॉल फायनल, टॉटनहॅमने मँचेस्टर युनायटेडला हरवलेलं, आणि करंडक आमच्या कप्तान सनच्या हातात आला होता! डोक्यावर न्यायचा तेवढा बाकी होता. मागे अख्खी टीम वाकून, हात थरथरवत तयारीत उभी. आणि नेमका तेव्हाच पानमसाला. वेलचीवाला. मग स्कूटर. मग ऑनलाइन रमी. मग पुन्हा तीच वेलची! मैदानावर परत आलात तेव्हा कागदाचे कपटे उडून खाली बसले होते आणि करंडक तिसऱ्याच खेळाडूकडे पोचला होता. रात्रीचे पावणेतीन वाजलेले, सकाळी ऑफिस, ज्या एका क्षणासाठी जागलो तो तुम्ही अ‍ॅपवाल्यांनी रमीवाल्याला विकलात. तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या.

वर्षाचे पैसे आधी मोजून घेता ना? मग अंतरपाट दूर व्हायच्या क्षणी पाहुण्यांना हॉलबाहेर काढायचा हा काय प्रकार आहे? सामना सुरू व्हायच्या आधी अर्धा तास स्टुडिओत चार जण बसवून बडबड चालते, तेव्हा भरा ना जाहिराती. मध्यंतराची पंधरा मिनिटं तुमचीच आहेत. तिथे हौस फिटत नाही?

कोणाचा करंडक होता हे तरी माहीत होतं का त्या कंट्रोल रूममध्ये बसलेल्याला? टॉटनहॅम, म्हणजे आमचा लंडनचा स्पर्स. 2008 च्या इंग्लंडमधल्या लीग कपनंतर काहीही नाही. युरोपातलं शेवटचं यश 1984 चं, म्हणजे 41 वर्षांपूर्वीचं. आणि सन ह्युंग-मिन 2015 मध्ये क्लबात आलेला. 2019 ला माद्रिदमध्ये चॅम्पियन्स लीगची फायनल हरला, लिव्हरपूलकडून, पहिल्याच मिनिटाच्या पेनल्टीने मॅच हातातून निसटली. 2021 ला वेम्बलीवर लीग कपची फायनल हरून मैदानातच रडला. आमचा स्ट्रायकर केन करंडकाच्या शोधात जर्मनीच्या बायर्नला निघून गेला. हा थांबला. काल बिल्बाओच्या सान मामेस मैदानावर कोरियाचा झेंडा गुंडाळून तो रडत होता आणि मी इकडे घरच्यांना जाग येऊ नये म्हणून तोंडावर उशी दाबून. तो करंडक 15 किलोचा आहे, त्याला धरायला कानसुद्धा नाहीत. तो माणूस तो कसा पेलतो हे मला बघायचं होतं. लाइव्ह. नंतर फोनवर आलेली उभी कापलेली क्लिप नको, जिच्यावर कुणीतरी स्वतःच्या आवडीचं गाणं चिकटवलंय.

आणि हे काही काल सुरू झालं नाही. साडेबाराची मॅच, बारा पंचविसाला अ‍ॅप आपोआप लॉगआउट होतं. ओटीपी येतो तेव्हा किकऑफ झालेला असतो. काल 42 व्या मिनिटाला आमच्या सारचा क्रॉस आला, युनायटेडच्या शॉच्या अंगाला लागला, आमच्या जॉन्सनने कसाबसा आत ढकलला. हे मला चित्रात दिसायच्या आधीच फोनवर कळलं होतं, कारण स्ट्रीम पाऊण मिनिट मागे आणि नोटिफिकेशन पुढे. गोल बघायच्या आधी गोलची बातमी! तीसुद्धा त्याच अ‍ॅपची!! 68 व्या मिनिटाला तर हृदय बंद पडायची वेळ. फ्री किकवर आमच्या गोलरक्षक विकारिओच्या हातून चेंडू निसटला, युनायटेडच्या हॉयलुंडचं हेडर रिकाम्या गोलकडे निघालं, आमचा बचावपटू फान द फेन हवेत झेपावला आणि गोलरेषेवर पाय उंचावून त्याने तो बाहेर काढला. त्याचा पाय हवेत असताना माझ्या स्क्रीनवर गोल गोल फिरणारं चक्र. त्या चार सेकंदांत मी काय काय बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही.

चॅटवर तक्रार केली तर यंत्र म्हणतं, इंटरनेट तपासा. इंटरनेट ठणठणीत आहे! वेलची एकदाही अडकली नाही, मग सनच बरा अडकतो?

बरं, सकाळी एका मराठी पोर्टलची बातमी उघडली. मथळा, ‘मँचेस्टर युनायटेड पराभूत’. जिंकलं कोण? ते तिसऱ्या परिच्छेदात. मुंबई इंडियन्स काल प्लेऑफमध्ये गेली, तिच्या बारा बातम्या टाका, माझी काही हरकत नाही. पण युरोपियन फायनलला एकच बातमी देताय तर तिच्या मथळ्यात तरी विजेत्याचं नाव घाला की.

ग्रुपवरचे शहाणे तर वेगळेच. ‘लीगमध्ये सतरावे, कसला डोंबलाचा विजय!’ हो, सतरावे. 21 मॅच हरलेत, तो प्रत्येक पराभव मी जागून पाहिलाय, तुम्ही सांगायची गरज नाही. युनायटेड सोळावे होते आणि या मोसमात चारच्या चार वेळा आमच्याकडून हरले. आमचे मॅडिसन, कुलुसेव्हस्की, बर्गवाल तिघेही जायबंदी. आमचा प्रशिक्षक पोस्टेकोग्लूने मोसमाच्या सुरुवातीला सांगितलं होतं, दुसऱ्या वर्षी मी काहीतरी जिंकतोच, तेव्हा हीच मंडळी खिदळत होती. गडी चेंडू युनायटेडला देऊन मागे उभा राहिला, आपली सगळी आक्रमक तत्त्वं एका रात्रीपुरती बाजूला ठेवून, आणि फ्रँकफर्ट, बोडोसारख्या ठिकाणी जिंकत फायनलपर्यंत आलेला हा गडी कप घेऊन गेला. सुंदर खेळून हरायचं आम्ही भरपूर बघितलंय. पुरे!

युएफाचाही, म्हणजे युरोपियन फुटबॉल संघटनेचाही, राग आहेच. फायनलच्या मंचावर पदकं कमी पडली. एवढी श्रीमंत संघटना, आणि विजेत्या संघातल्या खेळाडूंना पदकाविना उभं ठेवता? पदकं मोजता येत नाहीत? निदान त्यांनी माफी तरी मागितली. अ‍ॅपवाल्यांकडून सकाळी मेल आला तो सबस्क्रिप्शन वाढवा म्हणून.

13 ऑगस्ट 2025 ला इटलीतल्या उदिनेमध्ये सुपर कप आहे, चॅम्पियन्स लीगच्या विजेत्याशी. समोर पीएसजी असो की इंटर, आम्ही आहोत. तोवर प्रसारणाचे पैसे परत मागणारं पत्र मी पाठवणार आहे, आणि ज्या ज्या स्पर्स समर्थकांचा काल रात्री असाच घात झाला त्यांनीही पाठवावं. स्क्रीनशॉट जोडा, वेळ लिहा. जाहिरात कितीही मोठ्या कंपनीची असो, कप्तानाच्या हातात करंडक असताना कॅमेरा तिथून हलवायचा नाही, हे त्यांच्याकडून लेखी घ्या.