टाइम आउट : जरा थांबा की चालते व्हा?

“युवर सेशन हॅज टाइम्ड आउट.” ऑनलाइन फॉर्मच्या सहाव्या पानावर, वडिलांचं नाव, आजोबांचं नाव आणि दोन्ही पत्ते (“कायमचा पत्ता वरीलप्रमाणेच” या चौकटीवर टिचकी मारूनही पुन्हा टाइप करावे लागलेले) भरून झाले, की हे वाक्य उगवतं : तुमच्या लॉगिनची (म्हणजे ‘सेशन’ची) मुदत संपली. खाली एकच बटण : “लॉगिन अगेन.” मला वैताग येतो तो या वाक्याच्या सभ्यपणाचा. रेशनच्या खिडकीवरचा माणूस निदान तोंडावर म्हणायचा, “बंद झालं, उद्या या.”

मुळात ‘टाइम आउट’ या दोन शब्दांचा अर्थ काय, यावर खुद्द इंग्रजीचंच एकमत नाही. खेळाच्या मैदानावर टाइम आउट म्हणजे घड्याळ थांबवा, आम्हाला दम खाऊ द्या. संगणकावर टाइम आउट म्हणजे घड्याळ संपलं, तुम्ही निघा. एकीकडे वेळ मिळतो, दुसरीकडे वेळ जातो. तिसरा अर्थ घरातला : मूल ऐकेनासं झालं की त्याला खेळातून उठवून एका जागी बसवायचं. प्रचलित हिशेब वर्षाला एक मिनिट, म्हणजे चार वर्षांच्या कार्ट्याला चार मिनिटं. आपल्याकडे यालाच ‘कोपऱ्यात उभा राहा’ म्हणत. मिनिटं मात्र कोणी मोजत नसे, मास्तरांना आठवण येईल तेव्हा सुटका.

मराठी पोरांनी हा गोंधळ कधीच मिटवला होता. लपाछपीत चप्पल निसटली की “टाइम प्लीज!” हे इतकं जोडून ओरडायचं की ते ‘टाइम्प्लीज’ असंच ऐकू यायचं, आणि राज्य असलेल्यालाही थांबावं लागायचं. २०१३ साली ‘टाइम प्लीज’ याच नावाचा मराठी चित्रपट आला, तेव्हा नावाचा अर्थ कोणाला समजावून सांगावा लागला नाही. गंमत अशी, की हेच शब्द इंग्लंडमधल्या दारूच्या गुत्त्यात ऐकू आले तर अर्थ नेमका उलटा : बंद व्हायची वेळ झाली, पेले संपवा आणि घरी जा. आपला पोरगा तिथे “टाइम्प्लीज” म्हणाला तर सगळं गिऱ्हाईक कोट चढवून बाहेर पडेल.

क्रिकेटने या शब्दाला ‘ड’ जोडला आणि फलंदाजाचा जीव घेतला. नियम क्रमांक ४० : आधीचा बाद झाला, की नव्या फलंदाजाने तीन मिनिटांत चेंडू खेळायला सज्ज असलं पाहिजे. नाहीतर अपील झाल्यावर तो ‘टाइम्ड आउट’, आणि बळी गोलंदाजाच्या खात्यात जात नाही. जानेवारी २००७ मध्ये केपटाउनला भारताचे दोन्ही सलामीवीर झटपट परतले. सचिन आदल्या दिवशी मैदानाबाहेर राहिलेला असल्याने त्याला अजून काही मिनिटं उतरायची मुभा नव्हती, लक्ष्मण आंघोळीत, आणि गांगुली धावतपळत पोचेपर्यंत सहा मिनिटं गेली. दक्षिण आफ्रिकेचा कर्णधार ग्रॅम स्मिथने अपील केलं नाही म्हणून निभावलं. ६ नोव्हेंबर २०२३ ला दिल्लीतल्या विश्वचषक सामन्यात श्रीलंकेच्या अँजेलो मॅथ्यूजला अशी दया मिळाली नाही. त्या विश्वचषकात मुदत दोनच मिनिटांची होती. त्याच्या हेल्मेटचा पट्टा तुटला, बांगलादेशचा कर्णधार शकिबने अपील केलं, आणि आंतरराष्ट्रीय क्रिकेटमध्ये टाइम्ड आउट होणारा तो पहिला फलंदाज ठरला. लक्षात घ्या, माणूस मैदानात होता, हेल्मेट हातात होतं, पण नियमाच्या हिशेबी तो अजून ‘सज्ज’ नव्हता.

फॉर्म भरणाऱ्याचा मॅथ्यूज होतो तो असाच. आपण टाइप करतोय, घाम गाळतोय, पण हे सर्व्हरला, म्हणजे पलीकडे संकेतस्थळ चालवणाऱ्या संगणकाला, दिसतच नाही. तुमची अक्षरं तुमच्याच ब्राउझरमध्ये असतात. सर्व्हरला जाग येते ती तुम्ही ‘सेव्ह अँड नेक्स्ट’ दाबून काही पाठवलंत तर. म्हणून ‘अनुभवाचे सविस्तर वर्णन’ या चौकटीत वीस मिनिटं घासून लिहिणारा उमेदवार सर्व्हरच्या लेखी वीस मिनिटं झोपलेला असतो. या झोपेची मुदत किती असावी याचे ठोकताळे आहेत : पैशाअडक्याच्या ठिकाणी दोन ते पाच मिनिटं, कमी जोखमीच्या ठिकाणी पंधरा ते तीस. त्यावर काही ठिकाणी एकूण मुदतही असते, ती मात्र बटणं दाबत राहिलात तरी वाढत नाही.

पीएचपी या भाषेत बांधलेल्या संकेतस्थळांवर सेशनची मूळ मुदत १४४० असते. आकडा बघून वाटतं, दिवसाची मिनिटं १४४०, म्हणजे पुरा दिवस दिलाय! पण ते सेकंद आहेत. १४४० सेकंद म्हणजे २४ मिनिटं, आणि २४ मिनिटं म्हणजे बरोब्बर एक घटका. लग्नात घंगाळातल्या पाण्यावर तांब्याची वाटी तरंगत ठेवत, बुडाला बारीक छिद्र, भरून बुडाली की घटका भरली. तीच वाटी आता सर्व्हरमध्ये तरंगतेय. शिवाय मूळ मांडणीत शिळी सेशनं झाडून काढायचं काम सर्व्हरकडे आलेल्या शंभर विनंत्यांमागे साधारण एकदा होतं. म्हणजे घटका भरली तरी अंतरपाट कधी दूर होईल हे भटजींच्या लहरीवर. म्हणूनच शेजाऱ्याचा फॉर्म चाळीस मिनिटांनीही सबमिट झाला आणि तुमचा झाला नाही, असं होऊ शकतं.

हा हिशेब अमेरिकेपर्यंत पोचतो. तिथल्या व्यावसायिक बास्केटबॉलचा सामना ४८ मिनिटांचा, म्हणजे दोन घटका, एक मुहूर्त. चेंडू हातात आल्यावर बास्केटकडे फेकायला २४ सेकंद, म्हणजे एक पळ. हा नियम १९५४चा आणि पंचांगाशी त्याचा काडीचा संबंध नाही, तरी मला तो फार आवडतो. टाइम आउट मागायचा तर दोन्ही हातांनी इंग्रजी ‘टी’ करायचा. १९९३च्या अमेरिकी कॉलेज स्पर्धेच्या अंतिम सामन्यात शेवटच्या अकराएक सेकंदांत मिशिगनच्या क्रिस वेबरने तो केला, आणि संघाकडे एकही टाइम आउट शिल्लक नव्हता. दंड म्हणून प्रतिस्पर्ध्याला फुकटचे फेक आणि चेंडूही मिळाला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे.

शीर्षकांत हे शब्द सर्वांत ऐटीत मिरवले ते जॅझ पियानोवादक डेव्ह ब्रुबेकच्या १९५९च्या ‘टाइम आउट’ या अल्बमवर. इथे टाइम म्हणजे ताल. चारच्या ठरलेल्या चालीबाहेरचं संगीत, म्हणून ‘आउट’. त्यातलं ‘टेक फाइव्ह’ पाच मात्रांचं, दुसरी एक रचना नऊची, दोन-दोन-दोन-तीन अशी तोडलेली. हा नऊचा ठेका ब्रुबेकला इस्तंबूलच्या रस्त्यावरच्या वादकांकडून मिळाला. रूपकाच्या सातात आणि झपतालाच्या दहात वाढलेल्या आपल्या तबलजींना यात ‘आउट’ काय ते कळायला वेळ लागेल. पुढे १९६८ साली लंडनला निघालेल्या, शहरात कुठे काय चाललंय ते सांगणाऱ्या नियतकालिकाने हेच नाव उचललं, आणि २००४ मध्ये त्याची मुंबई आवृत्तीही निघाली. तिथे अर्थ आणखी बदलला : कामातून काढलेला मोकळा वेळ. मुंबईकराला लोकलमध्ये उभ्याने वाचायला मिळाला तेवढाच तो.

आता फॉर्मकडे. लांबलचक मजकूर आधी नोटपॅडमध्ये लिहून ठेवा आणि चौकटीत फक्त चिकटवा. फोटो आणि सही मागितलेल्या केबीत बसवून मगच लॉगिन करा. फोटो लहान करायला माणूस जातो आणि घटका भरते. तेच पोर्टल दोन टॅबमध्ये उघडू नका, बहुतेक वेळा सेशन एकच असतं आणि एकीकडे लॉगआउट झालात की दुसरीकडचाही गाशा गुंडाळला जातो. संदेशावरचा आकडाही वाचा. ४०८ म्हणजे सर्व्हर तुमची वाट बघून कंटाळला. ५०४ म्हणजे दारावरचा सर्व्हर आतल्या सर्व्हरची वाट बघून कंटाळला. पैसे भरताना ५०४ आला तर पुन्हा ‘पे’ दाबू नका. आतल्याने काम केलेलं असू शकतं, फक्त निरोप बाहेर आलेला नसतो. आधी व्यवहाराची स्थिती आणि बँकेचा एसएमएस बघा.

काही भली पोर्टलं मुदत संपायच्या मिनिटभर आधी विचारतात : “सेशन वाढवायचं का?” हाच खरा टाइम्प्लीज. पण तो प्रश्न त्याच टॅबमध्ये उमटतो, आणि त्या मिनिटाला आपण कपाटाच्या खालच्या खणात जातीच्या दाखल्याची मूळ प्रत शोधत असतो.