मोकळ्या जागेचे पैसे

"ताई, फाईल कर्व्ह केलीय का?"

परवा संध्याकाळी पेठेतल्या एका बोळातल्या प्रिंटच्या दुकानात ऑपरेटरने मला हे तिसऱ्यांदा विचारलं. केली नव्हती. म्हणून त्याच्या स्क्रीनवर माझी वेलांटी पुन्हा उडी मारून भलत्याच जागी बसली होती.

थोडक्यात सांगते. बी.कॉम. झाल्यावर मी ग्राफिक डिझाइनचा क्लास लावला. दोन महिने झाले, घरात अजून कोणी अभिनंदन केलेलं नाही. पहिला खरा प्रोजेक्ट असा: चिठ्ठीत येईल तो एक शब्द, ए-थ्री कागद, एकच रंग, आणि शब्दाचा अर्थ मांडणीतून दिसला पाहिजे. मला चिठ्ठी आली 'विश्रांती'. त्यानंतर आठ दिवस मी झोपले नाही.

आधी तर तो शब्द लिहिताच येईना. 'वि'ची वेलांटी 'व'च्या मागे जाऊन उभी, 'श्र' फुटून पाय मोडका 'श्' आणि शेजारी पोरका 'र'. दोन रात्री गेल्यावर कळलं की जोडाक्षरं जोडायची असतात हे सॉफ्टवेअरला मुद्दाम सांगावं लागतं, आणि ते सांगायची सोय मेनूच्या तळघरात 'मध्यपूर्व आणि दक्षिण आशिया' अशा नावाखाली ठेवलेली असते. म्हणजे मराठी वेलांटी जागेवर यायला अरबीच्या रांगेत नंबर लावायचा.

मग व्हिडिओ बघितले. सगळे व्हिडिओ इंग्रजी अक्षरांचे. त्यातला एक मनुष्य फार प्रेमाने म्हणत होता, अक्षरांना श्वास घेऊ द्या, मधलं अंतर वाढवा. मी वाढवलं. शिरोरेषा तटातट तुटली आणि कपडे वाळत घालायची दोरी तुटल्यावर होतं तसं 'विश्रांती'चं झालं. त्या मनुष्याच्या भाषेला दोरीच नाही, त्याला काय कळणार! क्लासमध्येही तेच. 1957 साली स्वित्झर्लंडमध्ये जन्मलेल्या हेल्व्हेटिका या इंग्रजी अक्षरांच्या फॉन्टवर अख्खा रविवार. र. कृ. जोशींनी देवनागरी अक्षरासाठी आयुष्य घातलं, विंडोजमधला 'मंगल' फॉन्ट त्यांच्याच हातचा, पण ते आले शेवटून दुसऱ्या स्लाइडवर, 'इतर'मध्ये. फी मात्र सगळ्या स्लाइड्सची सारखीच. असो.

तर शेवटी जमलं ते असं: शब्द लहान, खाली उजव्या कोपऱ्याकडे, किंचित कललेला, उशीला टेकल्यासारखा. रंग निळा. बाकी सगळा कागद रिकामा. मला स्वतःला ते इतकं आवडलं होतं की मी त्याचा फोटो काढून मोबाइलवर वॉलपेपर ठेवला होता.

दुकानात लॅपटॉप उघडून मी फाईल कर्व्ह केली, म्हणजे अक्षरांची अक्षरं म्हणून असलेली ओळख पुसून नुसते आकार उरवले. आता वेलांटी कुठे पळणार नव्हती. ऑपरेटरने प्रिंट सोडली आणि ती माझ्या हातात यायच्या आधी शेजारी उभ्या असलेल्या काकांच्या हातात गेली.

काका दहा बाय आठच्या वाढदिवसाच्या फ्लेक्ससाठी आले होते. कपाळाला अष्टगंध, मोबाइलमध्ये सत्तावीस शुभेच्छुकांचे फोटो. माझा कागद त्यांनी दोन्ही हातांनी धरला, डावा अंगठा खालच्या कोपऱ्यावर घट्ट दाबून, आणि बराच वेळ बघितला.

"हे तुमचं का?"

"हो."

"बाकीचं कधी टाकणार?"

"बाकीचं काही नाही काका. एवढंच आहे."

काकांनी कागद उलटा करून मागची बाजू तपासली. तिथेही नव्हतं.

"ती व्हाइट स्पेस आहे," मी म्हटलं. "मुद्दाम सोडलीय."

"पैसे किती घेतले याने?"

"चाळीस."

"पूर्ण कागदाचे?"

"हो."

"मग? आख्ख्या थाळीचे पैसे भरून नुसतं लोणचं चाटून उठतं का कोणी?"

मी सरांच्या आवाजात सांगून बघितलं की मोकळ्या जागेमुळे डोळ्याला विश्रांती मिळते. काका मायेने हसले.

"बाळा, डोळ्याला विश्रांती पाहिजे तर माणूस डोळे मिटेल. पोस्टर कशाला बघेल?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही नाही. सरांकडेही नसावं असा मला संशय आहे.

मी गप्प झाले तो होकार समजून काकांनी पोस्टर सुधारायला घेतलं. वर मधोमध गणपती. खाली पलंग. पलंगावर एक माणूस, चांगल्या घरातला दिसला पाहिजे. उशाशी तांब्या. "तांब्यावर भांडं उपडं घाला, नाहीतर माशी पडते." ऑपरेटर स्क्रीनवरची नजर न हलवता म्हणाला, "पलंगाचं पीएनजी आहे माझ्याकडे." कोणाच्याच चेहऱ्यावर थट्टा नव्हती. थट्टा असती तर मी भांडले असते.

मग काकांचा फ्लेक्स लागला. एका शुभेच्छुकाला लग्नाच्या फोटोतून कापून आणलं होतं, त्याच्या खांद्यावर कुणाचा तरी मेंदी लावलेला हात तसाच राहिला होता. "राहू दे," काका म्हणाले, "भाऊबंद आहे असं वाटतं." आणि मग ते बोट दाखवत सांगू लागले, "साहेबांचं डोकं सगळ्यात मोठं. भाऊंचं त्याच्याहून चार बोटं लहान. अध्यक्षांचं भाऊंपेक्षा दोन बोटं. खालचे सगळे सारखे, पण सुपारीएवढे नको, लिंबाएवढे घे. आणि पप्या डावीकडे नको. मागल्या वर्षी डावीकडे होता, तीन महिने बोलला नाही."

दृश्य उतरंड म्हणजे काय, म्हणजे नजर आधी कुठे जावी आणि मग कुठे, यावर क्लासमध्ये दोन रविवार गेले होते आणि मला ती कळली नव्हती. इथे चार वाक्यांत कळली. वहीत लिहून घ्यावंसं वाटलं, पण इतका राग आला होता की लिहिलं नाही.

कारण तेवढ्यात माझं लक्ष रंगाकडे गेलं होतं. निळा जांभळा आला होता. स्क्रीनवरचा निळा म्हणजे उजेड आणि कागदावरचा म्हणजे शाई. झगझगीत निळा शाईत मावत नाही, तो जांभळ्याकडे सरकतो. हे मला शिकवलं होतं, पेपरात लिहून मार्कही मिळाले होते. फाईल मात्र आरजीबीतच, म्हणजे स्क्रीनच्या उजेडी रंगांतच राहिली होती.

"जांभळा मात्र छान आलाय हां," काका म्हणाले. संपूर्ण पोस्टरमधली त्यांना आवडलेली एकमेव गोष्ट, आणि ती चूक होती.

ऑपरेटरने काकांचं सगळं काम वीस मिनिटांत उरकलं. सत्तावीस डोकी, सोनेरी अक्षरं, मागे फटाके. तो कुठल्या क्लासला गेलेला नाही, आणि त्याच संध्याकाळी त्याच्या हातात पैसे पडले. मी एका शब्दावर आठ दिवस घातले, वर चाळीस रुपये मीच दिले. फीसाठी एफडी मोडलीय. आईच्या मावसबहिणीला पापडांच्या पाकिटासाठी लोगो हवाय, "तुला काय, दोन मिनिटांचं काम," आणि पैशांच्या जागी पापड मिळणार आहेत. हे लिहिताना मला हसू येईल असं वाटलं होतं.

काकांनीच कागदाची सुरळी केली, रबर लावलं, हातात दिली आणि म्हणाले, "शिकाल हळूहळू."

काल क्लासमध्ये सगळ्यांची पोस्टरं सॉफ्टबोर्डवर लागली. सर माझ्यापुढे बराच वेळ थांबले.

"मांडणी धीट आहे," ते म्हणाले. "शब्द थोडा हलका पडतोय. पण हे डाव्या कोपऱ्यातलं बारीक टाइप बघा सगळ्यांनी. काय बसवलंय! पानाचा तोल त्यानेच धरलाय."

मी डाव्या कोपऱ्यात काही ठेवलं नव्हतं. जवळ जाऊन बघितलं. काकांचा अंगठा होता नेमक्या त्या जागी, 'डिझाइन व प्रिंटिंग', खाली दुकानाचं नाव आणि दोन मोबाइल नंबर.

"आणि जांभळा का निवडलास?" सरांनी विचारलं.

"मुद्दाम," मी म्हटलं.