मेंदूच्या दाराला इन्सुलिनची किल्ली लागत नाही

सध्या एक मजकूर जोरात फिरतोय. सार असं: इन्सुलिन ही पेशीचं दार उघडणारी किल्ली. ती गंजली की साखर रक्तातच राहते आणि मेंदू उपाशी मरतो. अल्झायमर म्हणजे 'टाइप 3 मधुमेह'. साखर तोडा, केटोन (चरबीपासून शरीरात तयार होणारं इंधन) वाढवा, गेलेली स्मरणशक्ती परत येते.

किल्लीची गोष्ट स्नायूंपुरती खरी आहे, म्हणूनच पुढची गफलत पटकन ध्यानात येत नाही. स्नायू आणि चरबीच्या पेशींत ग्लूट-4 नावाचे साखरवाहक आतच दडून असतात. इन्सुलिनची हाक आली की ते पेशीच्या आवरणावर येतात. मेंदूचा कारभार निराळा. रक्त आणि मेंदू यांच्यामधल्या पडद्यावर ग्लूट-1 आणि चेतापेशींवर ग्लूट-3 असतात, ते इन्सुलिनच्या हाकेसाठी थांबत नाहीत. वजनात जेमतेम 2 टक्के असलेला हा अवयव आपण स्वस्थ बसलेलो असतानाही शरीराच्या ऊर्जेतला सुमारे 20 टक्के वाटा घेतो, दिवसाला शंभरेक ग्रॅम ग्लुकोज. एवढ्या खादाडाचा शिधा जेवणागणिक चढणाऱ्या-उतरणाऱ्या हार्मोनच्या भरवशावर कोण ठेवेल?

तरी पटत नसेल तर इन्सुलिन घेऊन जेवण लांबलेला माणूस आठवा. मी जवळून पाहिलाय. आधी दरदरून घाम, हाताला कंप. मग शर्टाचं बटण भलत्याच काजात, आणि 'काय होतंय?' विचारलं तर चिडून 'काही नाही'. ग्लुकोमीटरवर आकडा 48, म्हणजे साखर फारच खाली. अंगात इन्सुलिन मुबलक, म्हणजे किल्ल्यांचा अख्खा जुडगा हातात, आणि उपाशी नेमका मेंदू! कारण इन्सुलिनने साखर स्नायूंकडे आणि चरबीकडे वळवली, यकृताला साखर सोडायची बंदी केली, आणि मेंदूच्या वाट्याला उरलीच नाही. ग्लुकोज पावडर पोटात गेली आणि पंधरा मिनिटांत त्याने स्वतःच बटणं नीट लावली.

याची उलट बाजूही आहे. 1991 साली वर्णन झालेल्या एका दुर्मीळ आजारात ग्लूट-1च अपुरा असतो. बाळाची रक्तातली साखर ठीक, इन्सुलिन ठीक, तरी मणक्यातून काढलेल्या, म्हणजे मेंदूभोवतीच्याच पाण्यात साखर कमी आणि बाळाला झटके. दार बिघडलंय, किल्ली नव्हे.

मग मेंदूत इन्सुलिनला कामच नाही? असं म्हणणंही चूक. मेंदूत इन्सुलिनचे रिसेप्टर, म्हणजे त्याची हाक ऐकणारे पेशींचे कान, सर्वदूर असतात, हे 1978 साली उंदरांत दिसलं. 2000 साली संशोधकांनी चेतापेशींत हा रिसेप्टरच नसलेले उंदीर तयार केले. मेंदू व्यवस्थित वाढला, पण उंदीर लठ्ठ झाले, माद्या जास्त खाऊ लागल्या, प्रजनन मंदावलं. पुढे त्यांच्या मेंदूतला ग्लुकोजचा वापर मोजला, तर तो नेहमीसारखाच! म्हणजे इन्सुलिन इथे कोठीवाला कमी आणि निरोप्या जास्त: अन्न आलंय, भूक आवर, यकृताला साखर थांबवायला सांग. काही भागांत, विशेषतः हायपोथॅलॅमस या भूक सांभाळणाऱ्या भागातल्या ताराकृती पेशींत (चेतापेशींना आधार देणाऱ्या), ते ग्लुकोज घेण्यावरही परिणाम करतं. हे मान्य करायलाच हवं. पण त्यावरून 'इन्सुलिन अडलं की अख्खा मेंदू उपाशी' हे निघत नाही.

'टाइप 3' हा शब्द 2005च्या सुमारास अमेरिकेतल्या ब्राउन विद्यापीठाच्या संशोधकांकडून आला. अल्झायमरने गेलेल्यांच्या मेंदूत इन्सुलिनचे संकेत क्षीण झालेले त्यांना दिसले. निरीक्षण मोलाचं, पण जागतिक आरोग्य संघटनेच्या मधुमेहाच्या वर्गीकरणात हा प्रकार नाही. टाइप 2 मधुमेहात डिमेन्शियाचा (स्मृतिभ्रंशाचा) धोका वाढतो हे खरं. त्यात रक्तवाहिन्यांच्या नुकसानीचा वाटा मोठा. अल्झायमरच्या रुग्णांच्या पेट (PET) स्कॅनमध्ये, म्हणजे मेंदू साखर कुठे किती वापरतो ते दाखवणाऱ्या तपासणीत, ग्लुकोजचा वापर घटलेला दिसतो हेही खरं. पण वस्तीतली घरं ओस पडली की विजेचा खप उतरतोच, त्यावरून तारा तुटल्या असं कुणी म्हणत नाही. चेतापेशींमधले जोड गळाले की मागणीच घटते. शिवाय मेंदूला इन्सुलिनचीच वानवा असती, तर ते दिल्यावर फरक पडायला हवा होता. 2020 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत 289 जण होते. त्यातल्या निम्म्यांना नाकावाटे वर्षभर इन्सुलिन दिलं. फवारणीचं यंत्र मध्येच बदलावं लागलं ही त्या चाचणीतली उणीव, पण मुख्य विश्लेषणात स्मरणशक्तीला फायदा दिसला नाही.

केटोनबद्दल मात्र मजकुरात अर्धं सत्य आहे. कित्येक आठवडे उपाशी राहिलेल्यांच्या मेंदूची निम्म्याहून अधिक ऊर्जा केटोनमधून येते, हे 1967 साली मोजलं गेलंय. वर सांगितलेल्या बाळांना केटोजेनिक (चरबी भरपूर, कर्बोदकं अगदी कमी) आहार देतात तोही याचसाठी. पण इंधन बदलून मेलेल्या पेशी उठत नाहीत.

आणि तो फिरणारा मजकूर वाचून टाइप 1च्या, म्हणजे शरीरात इन्सुलिन जवळजवळ बनतच नसलेल्या रुग्णाने इन्सुलिन सोडलं, तर त्याचे केटोन खरोखरच वाढतील, इतके की रक्त आम्लधर्मी होऊन त्याला अतिदक्षता विभागात न्यावं लागेल. दुसऱ्या कुणी डॉक्टरांना न विचारता डोस तोच ठेवून जेवणातले कर्बोदकं तोडले, तर संध्याकाळी त्याचंही बटण भलत्याच काजात जाईल.