सरकत्या जिन्यावरचे ट्रम्प: ते चित्र २००० सालचं नाही

‘द सिम्पसन्स’ या अमेरिकन कार्टून मालिकेने डोनाल्ड ट्रम्प यांचं राष्ट्राध्यक्षपद सोळा वर्षं आधीच ओळखलं होतं, असं सांगत दोन चित्रं शेजारी-शेजारी फिरवली जातात. एकात खरे ट्रम्प सरकत्या जिन्यावरून उतरताना, दुसऱ्यात कार्टूनमधले तसेच हात हलवताना. खाली लिहिलेलं असतं: २०००. मीही ते दोघा-तिघांना पुढे ढकललं होतं, म्हणून हा खुलासा करणं आलंच.

जिन्याचं ते कार्टून २००० सालचं नव्हेच. खरे ट्रम्प न्यूयॉर्कच्या ट्रम्प टॉवरमधल्या जिन्यावरून उमेदवारी जाहीर करायला उतरले १६ जून २०१५ रोजी. कार्टून आलं त्यानंतर, जुलै २०१५ मध्ये, एका छोट्या व्हिडिओत. त्यात मालिकेतला बाप होमर चक्क ट्रम्प यांच्या केसांत शिरतो! म्हणजे ही भविष्यवाणी नव्हे, घडलेल्या प्रसंगाची टिंगल. चित्रं हुबेहूब जुळतात ती त्यामुळेच. समोर बघूनच काढली होती ना.

मग २००० चं काय? तेही अगदीच खोटं नाही. त्या वर्षी १९ मार्चला दाखवलेल्या भागात मोठी झालेली होमरची मुलगी लिसा राष्ट्राध्यक्ष असते आणि आधीच्या ‘प्रेसिडेंट ट्रम्प’मुळे तिजोरी रिकामी झाल्याचं सांगते. बस्स, एवढा एक उल्लेख. ट्रम्प पडद्यावर दिसत नाहीत, जिनाही नाही. शिवाय ट्रम्प तेव्हा नुकतेच रिफॉर्म पार्टी या छोट्या पक्षाच्या राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारीच्या खटपटीत होते आणि फेब्रुवारी २००० मध्ये माघार घेऊन बसले होते. विनोदाला नाव आयतंच मिळालं होतं.