कायदा हो म्हणतो, काउंटरवाला नाही म्हणतो

पुण्याहून कुणाचाही फोन आला की एक वाक्य ठरलेलं असतं. "तुमच्याकडे काय बाबा, वॉलमार्टात जायचं आणि बंदूक घेऊन यायचं!" या ना एकदा. खिशात ग्रीन कार्ड आणि पेन्सिल्व्हेनियाचं ड्रायव्हिंग लायसन्स ठेवा, शेजारच्या ओहायो राज्यातल्या दुकानात शॉटगन मागा, आणि मग मला सांगा.

मला काही रणगाडा नकोय. रविवारी रेंजवर मातीच्या तबकड्या उडवायला एक जुनी बारा बोअरची दुनळी हवी होती, नळ्या एकावर एक असलेली. सीमेपलीकडे ओहायोत एका दुकानात बऱ्या भावात दिसली. फोन केला तर "आहे, या बघायला". गेलो. लाकडी दस्ता हातात घेतला, खांद्याला लावून बघितला, मस्त बसला. मग लायसन्स पुढे केलं आणि त्या माणसाचा चेहराच बदलला. "आउट ऑफ स्टेट? सॉरी. फेडरल लॉ."

अरे, कुठला फेडरल लॉ, कुठला केंद्राचा कायदा? १९६८च्या गन कंट्रोल ॲक्टमध्ये परराज्यातल्या गिऱ्हाइकाला रायफल-शॉटगन विकायची मुभा होती ती शेजारच्या राज्यांपुरती, आणि तीही अटी घालून. १९८६ साली राष्ट्राध्यक्ष रेगनच्या सहीने दुरुस्ती झाली आणि शेजारचं-लांबचं ही भानगडच संपली. आता अटी दोनच : व्यवहार परवानाधारक दुकानदारासमोर, समोरासमोर व्हायला हवा आणि दोन्ही राज्यांचे कायदे पाळले गेले पाहिजेत. परराज्यात काउंटरवरून घेता येत नाही ते पिस्तूल. ते आपल्याच राज्यातल्या दुकानदाराकडे मागवावं लागतं. या महाशयांनी पिस्तुलाचा नियम दुनळीला लावला आणि वर माझ्याकडेच असं बघितलं, की मीच काहीतरी काळंबेरं करायला आलोय.

खरी मेख वेगळीच आहे. दुकानदाराला दोन्ही राज्यांचे कायदे ठाऊक आहेत असंच कायदा धरून चालतो. "मला माहीत नव्हतं" म्हणून सहजासहजी सुटका नाही. मग वाचायचा कंटाळा असलेला माणूस काय करणार? सरसकट हात झटकणार. गिऱ्हाईक कॅलिफोर्नियाचं असेल तर मी समजू शकतो, तिथे दहा दिवसांची थांबणूक आहे, काउंटरवरून हातात देताच येत नाही. न्यू जर्सीवाल्याला आधी पोलिसांकडून वेगळं कार्ड काढावं लागतं. पण पेन्सिल्व्हेनियात शॉटगन घ्यायला ना परवाना लागतो, ना थांबायचा काळ आहे. वाचायला पाच मिनिटं लागली नसती!

दुसऱ्या दुकानात गेलो. तिथला म्हातारा म्हणाला, देतो की. हुश्श म्हणेपर्यंत त्याने ग्रीन कार्ड बघितलं. "तीन महिन्यांची लाइट बिलं आणा." परक्या देशाच्या नागरिकाने आपण राहतो त्या राज्यात नव्वद दिवस राहिल्याचा पुरावा द्यायचा, हा नियम एटीएफने, म्हणजे बंदुकांचे नियम बघणाऱ्या केंद्राच्या खात्याने, २०१२ सालीच काढून टाकलाय. काढून टाकलाय, आजोबा! पण यांना कुणीतरी कधीतरी शिकवलं, तेच आजतागायत चालू. बंदूक घेताना भरायच्या ४४७३ नंबरच्या फॉर्मवर माझा एलियन नंबर, म्हणजे परदेशी नागरिकाचा सरकारी नंबर, लिहायची जागा आहे, एफबीआयची तपासणी आहे, ती करा ना. तपासणीला माझा मुळीच विरोध नाही, आणखी कडक केलीत तरी चालेल. पण जी तपासणी नियमात आहे ती करा, मनाची नको.

शेवटी काय, तर द्राविडी प्राणायाम. पहिल्या ओहायोवाल्याने तीच बंदूक कुरियरने माझ्या गावातल्या दुकानदाराकडे पाठवायची. शिपिंग माझ्या माथी, इथल्या दुकानदाराची ट्रान्सफर फी माझ्याच माथी. आणि इथे येऊन मी काय भरणार? तोच ४४७३. तेच प्रश्न, तीच सही. तपासणी तेवढी इथे राज्याचे पोलीस करतात. स्वस्तात मिळाली म्हणून जी घ्यायला निघालो, ती आता गावातल्या नव्याच्या भावात पडणार.

माझा मेव्हणा ओहायोतच राहतो. तो म्हणाला, माझी घे ना, वापरात नाहीये. ते तर साफच बंद. दोन वेगवेगळ्या राज्यांतल्या खासगी माणसांनी आपापसात परस्पर विकायची नाही, बक्षीसही द्यायची नाही, मध्ये परवानाधारक दुकानदार हवाच. रेंजवर नेण्यापुरती उसनी दिली तर चालते. आणि मृत्युपत्रात माझ्या नावावर लिहून ठेवली तर दुकानदाराचीही गरज नाही. हे मी त्याला उत्साहाने सांगितलं. बहीण अजून माझ्याशी नीट बोलत नाहीये.

दुकानदार भाऊ, नाही विकायची तर नका विकू. दुकान तुमचं, मर्जी तुमची. पण तसं फोनवर सांगा, दारावर पाटी लावा, "परराज्यातल्यांना देत नाही". माझे पेट्रोलचे पैसे तरी वाचतील. स्वतःच्या आळसाला फेडरल लॉ म्हणू नका.