तेलाच्या डब्यामागची साखळी

आज एका साखरपुड्याच्या पंगतीत शेजारच्या गृहस्थांनी ‘कोरोनात किराणावाल्यांनी लोकांना लुटले’ असे बोलून टाकले. मंगल प्रसंग म्हणून तिथे गप्प बसलो, इथे बसणार नाही.

माझ्या वडिलांचे सांगलीत किराणा दुकान आहे. 2021 च्या उन्हाळ्यात पंधरा किलोच्या तेलाच्या डब्याचा भाव सकाळी फोनवर एक, तर टेम्पोतून डबा उतरताना दुसराच असे. वर्षानुवर्षे उधारीवर माल देणारा घाऊक व्यापारी रोख मोजल्याशिवाय डबा खाली ठेवू देत नव्हता. त्याच दिवसांत घरगुती जेवणाचे डबे पुरवणाऱ्या एक मावशी सुटे तेल घेताना ‘अण्णा, तुम्हीसुद्धा?’ असे म्हणाल्या. बाबा काहीच बोलले नाहीत.

काय सांगणार होते ते? आपल्याला लागणारे निम्म्याहून अधिक खाद्यतेल परदेशातून येते. मलेशियाने 2020 मध्ये सीमा बंद केल्या, परदेशी मजुरांची भरती थांबली आणि तोडायला माणसे नसल्याने पामचे घड झाडांवरच राहिले. त्याच वर्षी डिसेंबरात अर्जेंटिनातील तेलगिरण्यांचे कामगार, महामारीत जीव धोक्यात घालून केलेल्या कामाचा मोबदला मागत, संपावर गेले. जहाजांचे भाडे चढले, पोलाद कडाडले, त्यामुळे ज्या डब्यातून तेल येते त्याचा पत्रासुद्धा महाग झाला. हे सगळे ओझे साखळीतल्या प्रत्येकाने पुढच्यावर ढकलले आणि शेवटी ते आमच्या गल्ल्यापाशी येऊन थांबले.

साठेबाजी झालीच नाही असे मी म्हणणार नाही. ऑक्टोबर 2021 मध्ये केंद्राला साठ्यावर मर्यादा घालावी लागली. पण चार-सहा डबे ठेवणाऱ्या माणसाला साठेबाज म्हणायचे? सकाळी सात ते अकरा एवढ्याच वेळात, संसर्गाची भीती असताना, त्याने दुकान उघडले नसते तर या गृहस्थांच्या घरी फोडणी कशात पडली असती?

मावशींवर मात्र माझा राग नाही. त्यांना आपल्या डब्याचे दर वाढवता येत नव्हते, आणि मलेशियातला मळेवाला काही त्यांच्यासमोर उभा नव्हता. समोर बाबाच होते.

2022 मध्ये युक्रेनचे युद्ध आणि इंडोनेशियाची निर्यातबंदी यांमुळे भाव पुन्हा भडकले. पुढे ते झपाट्याने उतरले, तेव्हा चढ्या दराने घेतलेला माल बाबांनी उतरत्या दराने, तोटा सोसून विकला. तो तोटा कुणी भरून दिला, हे आजवर कुणीही विचारलेले नाही.