२८ रुपयांच्या सीडीवरचा आळ

जुन्या सिनेमांबद्दलचा एक मजकूर सध्या सोलापुरातल्या बऱ्याच ग्रुपवर फिरतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: जुने सिनेमे विकत घेणारं गिऱ्हाईकच नव्हतं, २८ रुपयांना सीडी देऊन मोझर बेअर ही कंपनी बुडाली, खरा रसिक किंमत बघत नाही आणि आता सगळं फुकट मिळतं, मग डिस्क हवी कशाला? मी कॉलेजच्या दिवसांत नवी पेठेत मामांच्या सीडीच्या दुकानात बसायचो. त्यामुळे हे वाचून गप्प राहवेना.

गिऱ्हाईक नव्हतं म्हणे. गिऱ्हाईक होतं, किंमत त्याच्या आवाक्यात नव्हती. २००७ च्या आधी आमच्याकडे चांगल्या कंपनीची डीव्हीडी दीडशे-दोनशेच्या खाली क्वचितच असायची, आणि तोच सिनेमा भाड्यानं दहा रुपयांत जायचा. मग विकत कोण घेणार? २००७ च्या सुरुवातीला मोझर बेअरनं व्हीसीडी, म्हणजे सिनेमाची सीडी, २८ आणि डीव्हीडी ३४ रुपयांना आणली. भाडं आणि खरेदी यांतलं अंतर १८ रुपयांवर आलं. उशिराचा दंड धरला तर त्याहूनही कमी. फुटपाथवरच्या डुप्लिकेटवाल्याचा स्वस्ताईचा तोराही उतरला. पूर्व भागातल्या एक मावशी विड्या वळण्याची मजुरी मिळाली की यायच्या. घरात तेलुगू बोलणाऱ्या, पण मागायच्या मधुबाला. "नवीन नको रे, काळं-पांढरंच दे," म्हणायच्या. दीडशे रुपयांत त्या आमच्या दुकानाची पायरीही चढल्या नसत्या. गड्ड्याच्या यात्रेत होम मैदानावर आम्ही टेबल मांडायचो, तिथं जुनी गाणी आणि जुने सिनेमेच आधी संपायचे.

अमेरिकेतही हेच घडलं होतं. ऐंशीच्या दशकात तिथं नव्या सिनेमाची कॅसेट बहुधा ८० डॉलरच्या आसपास ठेवत, कारण ती घेणार भाड्यानं कॅसेट देणारी व्हिडिओ लायब्ररी. १९८७ मध्ये 'टॉप गन' २६.९५ डॉलरला काढली, तेव्हा ती लाखो घरांत गेली. सिनेमा कपाटात ठेवायची हौस आधीपासून होतीच. ती परवडू लागली, एवढंच.

कंपनी बुडाली हे खरं. २०१८ मध्ये ती गुंडाळण्याचा (लिक्विडेशनचा) आदेश निघाला. पण तिचा मूळ धंदा कोऱ्या डिस्कचा. पेन ड्राइव्ह आणि इंटरनेट आल्यावर तो जगभर आटला, शिवाय सौर ऊर्जेच्या कारखान्यांचं मोठं कर्ज. सगळं खापर आमच्या २८ रुपयांवर फोडणं अन्यायाचं आहे. स्वस्ताईचा खरा दोष वेगळाच आहे, आणि तो मी लपवणार नाही. मार्जिन उरेना, म्हणून काही डिस्कवाले एकाच डीव्हीडीत तीन-तीन सिनेमे कोंबायचे. चित्र पिचायचं, चेहऱ्यांवर चौकोन दिसायचे. ज्या छायालेखकानं सावली-सावलीचा विचार केला, त्याच्या कामाचे हे हाल बघून जीव तुटायचा.

खरा रसिक किंमत बघत नाही? जुन्या अभिजात सिनेमांच्या उत्तम डिस्क काढणारी अमेरिकेतली क्रायटेरियन घ्या. बार्न्स अँड नोबलच्या दुकानांत तिच्या डिस्कचा निम्म्या किमतीतला सेल लागतो, त्याची वाट बघत तिथले पक्के रसिक महिनोन्‌महिने यादी करून बसतात.

राहिलं फुकटचं. 'डॉ. कोटणीस की अमर कहानी' आपल्या सोलापूरच्या माणसावरचा, शांतारामबापूंचा, १९४६ चा. आपल्याकडे सिनेमाचा कॉपीराइट ६० वर्षांचा, म्हणजे २००६ अखेर तो सगळ्यांसाठी मोकळा झाला. आज कुणीही त्याची प्रत काढू शकतो. पण माझ्या हाती आलेली प्रत्येक प्रत ओरखड्यांनी भरलेली, आवाज खरखरणारा. कारण फ्रेम न् फ्रेम साफ करायला पैसा लागतो आणि नुसती नक्कल करायला जवळजवळ काहीच लागत नाही. साफ करणाऱ्यानं खर्च भरून काढण्याइतकी किंमत लावली की लगेच म्हणणार, फुकट मिळतं की.

भैय्या चौकात डॉक्टर कोटणीसांचं स्मारक आहे. नीट साफ केलेल्या, मराठी सबटायटल असलेल्या प्रतीची ३०० रुपयांची डिस्क तिथं ठेवावी, आणि बाजूला पन्नासची साधी. तीनशेच्या कमाईतून सफाईचा काही खर्च निघेल, आणि मावशींसारख्यांना पन्नासची परवडेल.